लाईफ तीनच

लहानपणी आमच्या घरात टीव्हीवरचा गेम कोणी शेवटपर्यंत नेल्याचं मला आठवत नाही. मारिओ सहाव्या-सातव्या जगात पोचेपर्यंत अडॅप्टर हात लावू नये इतका तापायचा, नाहीतर लाइट जायची, नाहीतर आईची मालिका सुरू व्हायची. खेळ तिथल्या तिथे राखून ठेवायची सोय नव्हतीच. दुसऱ्या दिवशी पुन्हा श्रीगणेशा.

आता टीव्ही माझा आहे, रिमोटही माझा आहे, आणि रात्री दहानंतर मला कोणी हाक मारत नाही. तेव्हा राहिलेले गेम मी एकेक करून संपवते आहे. त्यात जितकी मजा आली तितकीच डोकेफोडही झाली. त्या दोन्हींतून जमलेले हे चार-दोन बोल.

१. खेळ छोटाच असतो, तो ताणलेला असतो.

'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) हा अख्खा खेळ ४० किलोबाइटांत बसतो. सकाळी मोबाइलवर येणारा 'शुभ प्रभात'चा फोटोसुद्धा याहून मोठा असतो. जागा वाचवायची म्हणून त्यातले ढग आणि झुडपं हे एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा. 'काँट्रा'त स्टेज आठच. हात बसलेला माणूस अर्ध्या तासात मोकळा होतो. अर्ध्या तासाच्या खेळाला पुरी किंमत कोण मोजणार? मग द्यायच्या तीन लाईफ, एका गोळीत मरण, आणि सगळं संपलं की पहिल्यापासून.

कधीकधी हा ताणाताणीचा हिशेब अगदी उघडा पडतो. 'काँट्रा : हार्ड कोअर' (१९९४) या खेळात जपानी खेळाडूला तीन फटके सोसता येतात. तोच खेळ अमेरिकेत गेला आणि एका फटक्यात जीव जायला लागला. राक्षस तेच, रस्ते तेच.

हे कळल्यापासून मी अडले की आधी एक प्रश्न विचारते : इथे मला खेळ अडवतोय की खेळाची लांबी वाढवणारा माणूस? पहिल्याशी झगडायला मी कितीही वेळ तयार आहे. दुसऱ्याला माझी संध्याकाळ द्यायचं काही कारण नाही.

२. चोख त्रास ओळखायला शिका.

काँट्रा अवघड आहे, पण चोख आहे. शत्रूची गोळी सावकाश येते, ती दिसते, आणि मेल्यावर आपण का मेलो हे सांगता येतं. पहिल्याच स्टेजमध्ये पायाखालचा पूल तुकड्यातुकड्याने उडतो. पहिल्यांदा तुम्ही त्याच्याबरोबर जाता, पुढच्या वेळी पूल दिसला की पाय आपोआप धावायला लागतात. हातात 'एस'ची फवारा बंदूक आली की अंगात वारं भरतं, आणि ती गेली की पोरकं झाल्यासारखं वाटतं. तरी त्या साध्या बंदुकीनेही पुढे जाता येतं, आणि तशी पार केलेली स्टेज जास्त लक्षात राहते. जुन्या खेळांची खरी मजा इथे आहे. डोक्याला कळायच्या आत बोटांना कळलेलं असतं.

आता 'निन्जा गायडेन' (१९८८). भिंतीला चिकटून उड्या मारणारा नायक, सिनेमासारखे प्रसंग, संगीत तर असं की खेळ बंद केल्यावरही कानात राहावं. पण यात शत्रूचा धक्का लागला की नायक मागे फेकला जातो, आणि मागे बहुतेक वेळा दरी असते. शत्रू मेला आणि तुम्ही एक पाऊल मागेपुढे झालात, की तो पुन्हा हजर. गरुड तर बरोबर उडीच्या मधोमध येतो. हे सगळं सोसून शेवटच्या बॉसपर्यंत पोचलात आणि तिथे मेलात, तर खेळ तुम्हाला थेट सहाव्या अंकाच्या आरंभी नेऊन सोडतो. माझं मत स्पष्ट आहे. पहिले पाच अंक अव्वल, सहावा अंक निव्वळ खोडसाळपणा.

आणि 'घोस्ट्स अँड गॉब्लिन्स'? तो एकदा संपवला की सांगतो, हा सगळा सैतानाचा सापळा होता, आता पुन्हा पहिल्यापासून खेळा, मगच खरा शेवट. मी पहिल्या शेवटाशीच थांबले आणि घरात जाहीर केलं की गेम संपला. सैतानाची हरकत असेल तर त्याने यावं.

३. कॅसेटवर फुंकर मारू नका.

फुंकरीने कॅसेट चालू होते ही आमच्या पिढीची अढळ श्रद्धा. प्रत्यक्षात काम व्हायचं ते कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. पिनांचा संपर्क नीट जुळायचा. फुंकरीने फक्त तोंडातली वाफ धातूवर बसते आणि तो हळूहळू गंजतो. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे आयसोप्रोपाइल अल्कोहोल असतं. ते कापसाच्या काडीवर घेऊन पिना पुसा आणि सुकू द्या. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तर वायरी आणि अडॅप्टर मिळतील. 'नऊ लाख नव्याण्णव हजार गेम' असं छापलेली कॅसेट दिसली तर गंमत म्हणून घ्या. आत मोजकेच गेम असतात आणि तेच वेगवेगळ्या स्टेजपासून सुरू होऊन यादी लांबवतात.

४. दोष बोटांचा की टीव्हीचा, हे आधी पाहा.

हा बोल सगळ्यात उपयोगाचा, म्हणून जरा लांबण लावते.

नव्या सपाट टीव्हीवर जुना गेमचा संच जोडला की उडी उशिरा लागते. वय झालं असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे टीव्ही आलेलं चित्र मोठं करायला आणि सुधारायला सेकंदाचा काही अंश घेतो, आणि मारिओच्या आठव्या जगात तेवढा अंश जीव घ्यायला पुरतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असेल तर तो चालू करा. बाकी सगळी चित्र-सुधारणा बंद करा.

'डक हंट'ची बंदूक तर नव्या टीव्हीवर चालतच नाही. ती बंदूक काही सोडत नाही, उलट बघते. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो, आणि नळीतल्या संवेदकाला तो उजेड ठरल्या क्षणी दिसला तर बदक पडतं. हा हिशेब जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर बेतलेला आहे. सपाट पडद्यावर उजेड उशिरा पोचतो, बदक जिवंत राहतं आणि खेळातला कुत्रा हसतो.

आणखी एक. आपल्याकडचा टीव्ही पाल पद्धतीचा, म्हणजे पडदा सेकंदाला ५० वेळा रंगवणारा. जपान-अमेरिकेत तो आकडा ६०. या खेळांचं घड्याळ पडद्याच्या रंगण्यावर चालतं. त्यामुळे पाल संचावर तेच खेळ सुमारे सहाव्या हिश्शाने सावकाश चालायचे, अगदी संगीतासकट. आज तुम्ही संगणकावर मूळ वेगाचा काँट्रा लावलात आणि तो अंगावर धावून आला, तर घाबरू नका. तुम्ही लहानपणी मवाळ काँट्रा खेळला होतात. पहिले काही दिवस वेग ५० वर ठेवून खेळायला हरकत नाही, मी तसंच केलं.

गर्दी झाली की गोळ्या लुकलुकतात, तो मात्र टीव्हीचा दोष नाही. त्या यंत्राला एका आडव्या ओळीत आठपेक्षा जास्त हलती चित्रं दाखवता येत नाहीत, म्हणून ते आळीपाळीने दाखवतं. संगणकावर ही मर्यादा उठवता येते. शुद्धतावादी नाक मुरडतील, मी उठवते. न दिसणाऱ्या गोळीने मरणं मी चोख त्रासात धरत नाही.

५. कोड वापरला तर कमीपणा नाही.

वर वर, खाली खाली, डावा उजवा, डावा उजवा, बी, ए. काँट्रात यामुळे तीनच्या तीस लाईफ होतात. हा कोड जन्मला तो 'ग्रेडियस'मध्ये, १९८६ साली. काझुहिसा हाशिमोतो तो खेळ घरच्या संचासाठी तयार करत होते, आणि तपासणीसाठी त्यांना स्वतःलाच तो पार करता येईना. म्हणून त्यांनी ही चोरवाट ठेवली, आणि ती खेळात तशीच राहून गेली. ज्याने खेळ बनवला त्यालाच तो जड गेला, तर तुमची-आमची लाज कसली?

मारिओतही अशी एक वाट आहे, खेळात ती कुठेही सांगितलेली नाही. सगळ्या लाईफ संपल्यावर सुरुवातीच्या पडद्यावर 'ए' दाबून धरायचं आणि स्टार्ट दाबायचं. ज्या जगात मेलात त्याच जगाच्या पहिल्या स्टेजपासून खेळ सुरू होतो. हे आम्हाला तेव्हा ठाऊक असतं तर आईच्या मालिकेआधी कैदेतली राजकन्या सुटली असती.

६. 'सेव्ह' करा, पण स्टेजच्या दाराशी.

संगणकावर किंवा नव्या संचांवर जुना खेळ कुठल्याही क्षणी थांबवून राखता येतो. काहींत तर मागेही फिरवता येतो. सोय उत्तम, पण तिचा अतिरेक झाला की खेळाचा जीव जातो. प्रत्येक उडीनंतर सेव्ह केलंत तर निन्जा गायडेनसुद्धा संपेल, पण बोटांना काहीच येणार नाही आणि शेवटच्या बॉसपुढे तुम्ही नवखेच उभे राहाल. मी स्टेज सुरू होताना सेव्ह करते, मध्ये कधीही नाही. म्हणजे स्टेज पुरी जिंकावी लागते आणि सगळा खेळ पहिल्यापासून ओढत आणावा लागत नाही. अपवाद निन्जा गायडेनच्या सहाव्या अंकाचा. तिथे बॉसच्या दाराशी सेव्ह करा आणि मनाला अजिबात लावून घेऊ नका.

७. वही जवळ ठेवा.

मारिओचा शेवटचा किल्ला भुलभुलैया आहे. चुकीच्या वाटेने गेलात तर तोच भाग पुन्हापुन्हा येत राहतो आणि घड्याळ चालूच. 'मेट्रॉइड'चा पासवर्ड चोवीस अक्षरांचा. एक अक्षर चुकीचं उतरवलंत तर सगळी मेहनत पाण्यात. मोबाइलवर फोटो काढता येतो, मान्य. पण वहीत काढलेला किल्ल्याचा नकाशा बघत खेळण्यात वेगळीच ऐट आहे.

डिस्कवरच्या गेमांचे त्रास आणखी निराळे. 'मेटल गिअर सॉलिड'मध्ये (१९९८) एका ठिकाणी मेरिल नावाच्या पात्राशी रेडिओवर बोलावं लागतं, आणि तिचा नंबर सीडीच्या डबीच्या पाठीवर आहे असं खेळ सांगतो. म्हणजे हातात असलेली खरी डबी! आपल्याकडे अनेकांनी हा गेम प्लास्टिकच्या पिशवीतल्या नकली सीडीवर खेळला. त्यांच्याकडे डबीच नव्हती. ते बिचारे एकेक नंबर फिरवत बसले. नंबर आहे १४०.१५. लिहून ठेवा.

'फायनल फँटसी ७' तीन डिस्कचा आहे आणि गोष्ट अशी की रात्र सरते. मात्र शेवटचा खलनायक एका हल्ल्यात अख्खी सूर्यमाला उद्ध्वस्त करून दाखवतो, तो देखावा सुमारे दोन मिनिटांचा, आणि तो टाळता येत नाही. पहिल्यांदा थक्क व्हाल. तिसऱ्यांदा चहा टाकायला उठाल, आणि परत याल तेव्हा गुरू ग्रह नुकताच फुटत असेल.

८. जमलं तर दोघांनी खेळा.

काँट्राची तिसरी स्टेज धबधब्याची, वर चढत जायची. एक जण पुढे गेला की पडदा वर सरकतो आणि मागे राहिलेला पडद्याखाली जाऊन मरतो. दादा आणि मी आजही दिवाळीत यावरून भांडतो. "थांब ना रे!" हे वाक्य त्या धबधब्याशिवाय दुसरीकडे कुठेही मी इतक्या पोटतिडकीने म्हटलेलं नाही. हा त्रास मी चोख मानते, कारण तो खेळाने दिलेला नसून भावाने दिलेला आहे.

'बॅटलटोड्स' (१९९१) मात्र दोघांनी सुरू करू नका. त्याच्या अमेरिकी कॅसेटमध्ये अकराव्या स्टेजला दुसऱ्या खेळाडूचा रिमोट चालतच नाही.

९. कुठून सुरू करायचं?

जुना संच नसेल तर नकली गोष्टींच्या मागे लागू नका. काँट्रा आणि कॅसलव्हेनिया या खेळांचे अधिकृत संग्रह २०१९ मध्ये निघाले आहेत, ते आजच्या यंत्रांवर चालतात आणि त्यांत सेव्हची सोयही आहे. आधी काँट्रा घ्या, घरातल्या कोणाला तरी शेजारी बसवा, तीस लाईफचा कोड बिनदिक्कत टाका. मग मारिओ, वार्प झोन (मधली जगं गाळणाऱ्या चोरवाटा) न घेता, बत्तीसच्या बत्तीस स्टेज. निन्जा गायडेनला त्यानंतरच हात घाला. घोस्ट्स अँड गॉब्लिन्स नाही खेळलात तरी चालेल.