एका विद्यार्थ्याचे संयुग
विज्ञान शाखेच्या आमच्या विद्यार्थ्यांसाठी हा छोटासा पाठ. बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठात प्रा. माल्कम स्टीव्हन्स यांच्या मार्गदर्शनाखाली रॉबर्ट स्टोन हा विद्यार्थी पीएच.डी.साठी नायट्रोजनयुक्त नवी संयुगे घडवीत होता. त्या संशोधनातून आलेले मायटोझोलोमाइड आशादायक वाटले. परंतु ते रुग्णांच्या अस्थिमज्जेला घातक ठरले. म्हणून काम थांबले नाही. त्याच कुळातील टेमोझोलोमाइड मेंदूपर्यंत पोहोचते आणि कर्कपेशींच्या डीएनएवर आघात करते, असे आढळले. किरणोपचाराला या औषधाची जोड दिल्यावर ग्लायोब्लास्टोमाचे दोन वर्षे जगणारे रुग्ण सुमारे १० टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर गेले, असे २००५ च्या अहवालात नोंदले आहे. रोग हटला नाही. काही घरांना मात्र वेळ मिळाला. पदवीनंतर पुढे काय, असे विचारणाऱ्यांना आम्ही हीच वाट दाखवू.