जंतुसंसर्ग, प्रतिकारशक्ती आणि अधिवृक्क ग्रंथी

मूत्रपिंडांच्या वरच्या टोकांवर टोपीप्रमाणे बसलेल्या दोन लहान ग्रंथींना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. प्रत्येकीचे वजन अवघे ४ ते ५ ग्रॅम असते. तथापि सेप्सिससारख्या गंभीर विकारात रुग्णाचे प्राण बऱ्याच अंशी त्यांच्या कार्यावर अवलंबून असतात.

जंतुसंसर्गाला शरीराकडून होणाऱ्या प्रतिकाराचा तोल सुटून शरीराचेच अवयव निकामी होऊ लागणे म्हणजे सेप्सिस होय. न्यूमोनिया, चिघळलेली जखम, मूत्रमार्गाचा किंवा प्रसूतीनंतरचा संसर्ग यांतून तो उद्भवू शकतो. २०१७ साली जगात सुमारे १ कोटी १० लाख मृत्यू सेप्सिसशी निगडित होते, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

प्रतिकारशक्तीचा लगाम

जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी सायटोकाइन नावाची संदेशवाहक प्रथिने स्रवतात. ती इतर पेशींना मदतीस बोलावतात, ताप आणतात आणि मेंदूलाही वर्दी देतात. त्यामुळे मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीतून एसीटीएच हे संप्रेरक रक्तात उतरते व त्याच्या प्रेरणेने अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल निर्माण करतात. कॉर्टिसॉल एकीकडे सायटोकाइनची निर्मिती आवरते, तर दुसरीकडे नॉरॲड्रेनॅलिनला प्रतिसाद देण्याची रक्तवाहिन्यांची क्षमता टिकवून रक्तदाब सावरते. अशा रीतीने प्रतिकारशक्ती स्वतःच आपला लगाम सिद्ध करीत असते.

तीव्र सेप्सिसमध्ये कधी कॉर्टिसॉल अपुरे पडते, तर कधी पेशी त्यास दाद देत नाहीत. मग रक्तवाहिन्या शिथिल होऊन रक्तदाब कोसळतो.

उपचारातील मर्यादा

स्टेरॉइडची प्रचंड मात्रा देऊन पाहिलेल्या व १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या दोन अमेरिकन चाचण्यांत रुग्णांना लाभ झाला नाही. लगाम अति खेचला, तर जंतूंचेच फावते. पुढे दिवसाला २०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन ही माफक मात्रा अभ्यासली गेली. २०१८ मधील दोन मोठ्या चाचण्यांत रक्तदाब लवकर सावरला. मृत्यूचे प्रमाण मात्र एकीतच घटले. म्हणून शिरेवाटे द्रव देऊनही रक्तदाब टिकविण्यासाठी औषध चालूच ठेवावे लागते, अशा रुग्णांसाठीच हा उपचार राखून ठेवतात. प्रतिजैविके वेळेवर मिळणे हाच मुख्य उपाय होय.

समाजाने घ्यावयाची दक्षता

दमा किंवा सांधेदुखीसाठी दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या अधिवृक्क ग्रंथी मंदावतात. त्यांनी गोळ्या एकाएकी बंद केल्यास, विशेषतः संसर्गाच्या वेळी, जिवावर बेतू शकते. अशा रुग्णांनी औषधाची माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी आणि मनाने गोळ्या सुरू अथवा बंद करू नयेत.

संसर्ग झालेल्या व्यक्तीस धाप लागणे, बरळणे किंवा ग्लानी येणे, लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे ही धोक्याची लक्षणे होत. ती दिसताच रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पोहोचवावे. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी एवढी माहिती घरोघरी पोहोचविली, तरी अनेकांचे प्राण वाचू शकतील.