तारीख सर्व्हरला विचार

चिऊ,

सगळ्या सर्व्हरांची सर्टिफिकेटं तुझ्या गळ्यात पडली आणि सोबत एक एक्सेलची यादी मिळाली, हे तू फोनवर हसत हसत सांगितलंस. अशा याद्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. तारखा भरणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो आणि ‘जबाबदार व्यक्ती’ या रकान्यात त्याचंच नाव असतं. यादी ठेव, पण तिच्यावर विसंबू नकोस.

मुदत कधी संपते हे सर्व्हरलाच विचारायचं, तेही बाहेरून, ग्राहक जिथून येतो तिथून. ओपनएसएसएलच्या ‘एस_क्लायंट’ने पोर्टला जोडून घे आणि समोरून येईल त्या सर्टिफिकेटची ‘नॉट आफ्टर’ वाच. सर्व्हरनेम द्यायला विसरू नकोस. एकाच आयपीवर दहा साइट नांदत असतात, नाव न सांगता विचारलंस तर भलत्याच साइटचं सर्टिफिकेट हातात येईल. मेल सर्व्हरच्या ५८७ पोर्टवर आधी ‘स्टार्टटीएलएस’ सांगावं लागतं, तेही ध्यानात असू दे. आणि तारीख जीएमटीत असते. तिथे रात्री २३:५९ला संपणारं सर्टिफिकेट आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मरतं, नेमकी नाइट शिफ्टवाल्याच्या डोळ्यांवर झोप असते तेव्हा.

डिस्कवरची फाइल बघून का भागत नाही, ते नीट समजून घे. लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं. साधारण ३० दिवस उरले की सर्टबॉट नवीन आणून ठेवतो. पण एनजिनएक्स सुरू होताना किंवा रीलोड होतानाच सर्टिफिकेट वाचतो. वेबरूट पद्धत असेल आणि डिप्लॉय हूक लावलेला नसेल, तर फाइल नवी आणि वाटप जुन्याचंच चालू! फाइल तपासणारा मॉनिटर महिनाभर हिरवा राहतो, मग एक दिवस साइट बंद. लोड बॅलन्सरमागे चार मशीन असतील आणि एकच रीलोड व्हायचं राहिलं असेल, तर तक्रार अधूनमधून येते आणि ऑफिसातला प्रत्येक जण म्हणतो, “माझ्याकडे तर उघडतंय.” म्हणून चारही मशीन वेगवेगळी तपास.

यादीत नसलेली सर्टिफिकेटं तर जास्तच छळतात. सार्वजनिक सीएने दिलेली ‘सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सी’च्या नोंदींत सापडतात, तिथे कंपनीचं डोमेन टाकून बघ. कुण्या मार्केटिंगवाल्याने परस्पर उघडलेली सबडोमेनसुद्धा बाहेर पडतील. अंतर्गत सीएची आणि व्हेंडरच्या सॉफ्टवेअरमध्ये दडलेली तिथे दिसत नाहीत. ६ डिसेंबर २०१८ला ब्रिटनमध्ये ओटू आणि जपानमध्ये सॉफ्टबँक यांच्या कोट्यवधी ग्राहकांचे फोन अडले, ते एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधल्या एका सर्टिफिकेटची मुदत संपल्यामुळे. व्हेंडरला लेखी विचार, आत काय आहे आणि कधी संपतं.

दुसरं उदाहरण इक्विफॅक्स या अमेरिकी क्रेडिट ब्युरोचं. तिथे मुदत संपली ती साइटची नव्हे, तर येणारी-जाणारी एन्क्रिप्टेड वाहतूक उघडून तपासणाऱ्या उपकरणाची. कित्येक महिने ते उपकरण काहीही न तपासता सगळं पुढे सोडत होतं. २९ जुलै २०१७ला नवं सर्टिफिकेट बसवलं आणि संशयास्पद वाहतूक लगेच दिसली, पण तोवर चोर ७६ दिवस आत होते आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली होती. साइट बंद पडली की निदान बोंब तरी होते. हे मुकाट्याने चाललं. तुझ्याकडच्या अशा पहारेकरी मशीनांपासून सुरुवात कर.

आता अलार्मचं. सार्वजनिक सर्टिफिकेटांची कमाल मुदत ३९८ दिवस होती. ती १५ मार्च २०२६पासून २००, २०२७च्या त्याच तारखेपासून १०० आणि २०२९मध्ये ४७ दिवसांवर येते. लेट्स एन्क्रिप्टने आठवणीचे ईमेल २०२५मध्येच बंद केले. ‘३० दिवस उरले’ असा अलार्म ४७ दिवसांच्या सर्टिफिकेटाला लावलास, तर बराच वेळ तो वाजतच राहील आणि लोक म्यूट करतील. अलार्म ‘नूतनीकरण ठरल्या वेळी झालं नाही’ याचा हवा. एकतृतीयांश मुदत उरली आणि सर्व्हर अजून जुनंच देतोय? तर तिकीट. आठवडा उरला, तर फोन. आणि तपासणारी स्क्रिप्ट सर्व्हरपर्यंत पोचलीच नाही, तर तोही अलार्मच. उत्तर आलं नाही म्हणजे ठीक आहे, असं धरणारे मॉनिटर बरेच असतात.

मार्च एंडच्या बदलबंदीत कुठलंही नूतनीकरण अडकू देऊ नकोस, फेब्रुवारीतच उरकून घे.

कधी ना कधी मुदत संपेलच, आणि तेव्हा कुणीतरी सीनियर खांद्यावरून वाकून म्हणेल, “तात्पुरतं व्हेरिफाय फॉल्स करून टाक.” करू नकोस. रागावले तरी चालेल. ते तात्पुरतं कोडमध्ये वर्षानुवर्षं राहतं, आणि मग समोर कोण बोलतंय हे बघणारं कुणीच उरत नाही. नवं सर्टिफिकेट मिळवायला बहुधा त्या वादाइतकाच वेळ लागतो.

बॅडएसएसएल या साइटवर मुद्दाम मुदत संपलेलं सर्टिफिकेट लावलेलं एक पान आहे. ते तुझ्या मॉनिटरला जोड आणि बघ, फोन कुणाचा वाजतो. गेलेल्या माणसाचा वाजला, तर मला कळव.

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा