एकच कथा, दोन मालिका

प्रश्न : ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ या ॲनिमेच्या दोन मालिकांपैकी सरस कोणती? माझी मुलगी दुसरीचं नाव घेते.

उत्तर : २००३ची मालिका आली तेव्हा हिरोमु अराकावा यांची मूळ मांगा अर्धवटच होती. त्यामुळे ५१ भागांच्या या मालिकेला पुढे स्वतःची वाट काढावी लागली. शेवटी तिची वीण सैल पडते. २००९ची ‘ब्रदरहुड’ ६४ भागांत मूळ कथा तडीस नेते, सुरुवातीला पेरलेले धागे अखेरीस जुळतात. कथानकात तीच सरस. पण आरंभी ती फार धावते. कथेतल्या नीना या छोट्या मुलीचा प्रसंग पहिलीतच जास्त जिव्हारी लागतो, कारण तिचा लळा आपल्याला आधी लागलेला असतो. करमणूक दुसरीत अधिक. विनोद मात्र कधीकधी नको तिथे टपकतो. एकच बघणार असाल, तर मुलीचं ऐका.