शाळा सुरू झाली गो बाय, आता ऐक

बाय, झील पहिलीत गेला आणि झोप तुझी उडाली, हे काल फोनवरच कळलं. म्हणून हे लिहून पाठवते. मावशीचं कोण ऐकतंय म्हणा, तरी वाचून ठेव.

१. अभ्यास दिवेलागणीच्या आधी उरक — जूनचा वारा सुटला की आपल्याकडे वीज जाणारच, आणि मेणबत्तीजवळ बसलेलं पोर अक्षरं सोडून मेणाशी खेळतं.

२. एका बैठकीला पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ — त्यापुढे पोर जाग्यावर असतं, डोकं केव्हाच खेळायला गेलेलं असतं.

३. रोजचं वाचन बापसाकडे सोपव. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी, तो पडवीत जाळी दुरुस्त करत बसलेला असतो — ऑगस्टात होड्या सुटल्या की तो काही हाताला लागायचा नाही, सवय त्याआधीच लागायला हवी. ‘माका खंय शिकवूक येता?’ म्हणेल. त्याला सांग, शिकवायचं नाहीच. पोराने ओळीवर बोट ठेवून वाचायचं, याने हातातलं काम करत ऐकायचं, आणि पोर अडलं तर शब्द सांगण्याआधी मनात पाचपर्यंत मोजायचं. तेवढ्यात निम्मे शब्द त्याचे त्यालाच सुटतात.

४. ‘माका कळणा नाय’ म्हणाला म्हणून ‘नीट बोल’ असं टोकू नको — तो नीटच बोलतोय, पुस्तकातली भाषा त्याला नवी आहे एवढंच. धड्यातली गोष्ट आधी मालवणीत सांगायला लाव, मग तीच पुस्तकात कशी लिहिलीय ते दोघं मिळून बघा. घरातली मालवणी मात्र बंद करू नको, शाळेसाठीसुद्धा नाही.

५. हिशेब बाजारात शिकव. बांगड्याच्या एका वाट्यात किती, दोन वाटे घेतले तर किती, त्यातले आजीकडे चार दिले तर उरले किती — जे संध्याकाळी ताटात येणार, ते पोर चुकवत नाही.

६. त्रेसष्टच्या जागी ३६ लिहिलं तर रागावू नको — आपण तोंडाने तीन आधी म्हणतो आणि लिहिताना सहा आधी काढतो, पोर बिचारं ऐकल्याबरहुकूम लिहितं. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘साठ तीन’, ‘वीस एक’ असं वाचन आणलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! माझं मत विचारशील तर दोन्ही म्हणून घे, आधी साठ तीन, मग त्रेसष्ट. एकोणपन्नासाला तर जास्तच सबुरी ठेव. नावात पन्नास आणि लिहायचे ४९, मोठी माणसंही फोन नंबर घेताना तिथे अडखळतात.

७. त्याच्या वहीत तू लिहू नको, आणि चूक खोडून सुबकही करू नको — चूक दिसलीच नाही तर बाई शिकवणार काय? वही पोराची, तर चूकही पोराची.

८. दप्तर रात्रीच भरायचं, आणि त्याने स्वतः. पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत घालून मगच दप्तरात — सरकारकडून फुकट मिळतात खरी, पण वर्षातून एकदाच. वही भिजलीच तर पानापानांत रद्दीचा कागद घालून पंख्याखाली उभी कर. चुलीजवळ ठेवलीस तर पानं वाकडी होतात.

९. ‘आज काय शिकवलं?’ विचारू नको — उत्तर ‘काय नाय’. खिचडी कशी होती, कोणाशेजारी बसलास, कोण रडलं, असं विचार. त्यातून शाळा आपोआप बाहेर येते.

१०. शेजारच्या चेडवाचं अक्षर त्याला दाखवू नको — अक्षर सुधारत नाही, चेडू मात्र नावडती होते.

११. गणपतीत मुंबईकर आले की घरात अभ्यास होत नाही, उगीच ओढाताण करू नको. आरतीच्या वेळी पुस्तिका तेवढी त्याच्या हातात दे — आरती तोंडपाठच असते, म्हणताना बोट शब्दांवरून फिरत गेलं की तोंडातला शब्द डोळ्यांना ओळखता येतो. वाचनाची एवढी चांगली शिकवणी दुसरी नाही, आणि ती दोन्ही वेळ होते.

१२. तुझा आवाज चढायला लागला की तू ऊठ, पाणी पी, चहा टाक — रागात शिकवलेलं रागासकट लक्षात राहतं.

आणि घाई करू नको गो. सरकारच्या २०२१ च्या निपुण भारत योजनेतसुद्धा समजून वाचणं आणि साधी गणितं यांसाठी तिसरीपर्यंतची मुदत धरलीय, तू जूनमध्येच रडकुंडीला आलीस! पालकसभेची चिठ्ठी आली की मात्र चुकवू नको. बाईंना आधी विचार की त्याला काय काय जमतं, मग काय जमत नाही ते. आणि जाताना बापसालाही घेऊन जा.