सायलेन्सरला जादा ऑक्सिजन सेन्सर लावावा का?

प्रश्न : माझी स्पोर्ट्स कार बीएस-६, टर्बो नसलेली आहे. कसारा घाट चढून भंडारदऱ्याला जाताना ती दमते. बाजारातला ऑक्सिजन सेन्सर बसवून फरक पडेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. हा सेन्सर ताकद वाढवत नाही. धुरात उरलेला ऑक्सिजन मोजून इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला कळवतो. त्यावरून नेहमीच्या चालीत पेट्रोल-हवेचं प्रमाण राखलं जातं. शुद्ध पेट्रोलसाठी ते वजनाने १ : १४.७. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी आणि नंतर असे सेन्सर तुमच्या गाडीत आहेतच. भंडारदरा सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा विरळ, त्यामुळे सात-आठ टक्के ताकद घटणारच.

त्याहून जास्त दमत असेल तर एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग पाहा, स्कॅनरने फॉल्ट कोड वाचून घ्या. सेन्सर बिघडला असेल तर त्याच पार्ट नंबरचा बसवा.

ईसीयू रीमॅप करताना मोजणीसाठी वेगळा वाइडबँड सेन्सर जरूर उपयोगी पडतो. तो कन्व्हर्टरच्या आधी, मूळ सेन्सर न काढता लावावा. कन्व्हर्टर मात्र कधीही काढू नका; ते बेकायदा आहे आणि त्यामुळे विषारी धूर सगळ्यांच्याच छातीत जातो.