बंद पडणारा ट्रॅक्टर आणि बॉईलचा नियम

"चालू डिझेल इंजिन मध्येच बंद पडलं तर काय काय बघाल?" हा व्हायवातला हमखास प्रश्न. आपण पाठ केलेली यादी घडाघडा म्हणतो आणि मार्क घेऊन मोकळे होतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत हाच प्रश्न मला मामांच्या शेतात विचारला गेला. फरक एवढाच, की तिथे एक्स्टर्नल म्हणजे माझे मामा होते आणि मी नापास झालो असतो तर हरभऱ्याची पेरणी हुकली असती!

मामांचा ट्रॅक्टर तीन सिलिंडरचा, ३५ एचपीचा आणि वयाने माझ्यापेक्षा मोठा. सकाळी टाकी भरून रोटाव्हेटरला लावला की वीस मिनिटं छान चालायचा, मग आचके द्यायचा आणि बंद. थोड्या वेळाने सेल्फ मारला की पुन्हा चालू. "वाफसा आहे तोवर पेरून घेतलं पाहिजे," असं मामा सारखं म्हणत होते. मी पडलो कॉन्व्हेंटवाला. वाफसा म्हणजे काय ते मामींना हळूच विचारावं लागलं. पावसानंतर जमीन ना चिखल ना कोरडी, पेरणीजोगी असते, तो वाफसा. तो मोजके दिवसच टिकतो.

"काय इंजिनिअर, काय झालंय याला?" मामांनी विचारलं. मी ऐटीत सांगून टाकलं, "इंजेक्शन पंप गेलाय." खरं सांगायचं तर कॉलेजात पंपाचा चॅप्टर नुकताच झाला होता, म्हणून तेच तोंडात आलं. पण मामा लगेच पंप उतरवून तालुक्याला न्यायच्या तयारीला लागले! खर्च काही हजारांचा, शिवाय चार दिवस ट्रॅक्टर उभा. माझ्या पोटात गोळा आला. मी अजून बॉनेटही उघडलं नव्हतं. "मामा, संध्याकाळपर्यंत थांबा, मी आधी नीट बघतो," असं म्हणून वही-पेन घेतलं.

आता मुद्द्याकडे वळू. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा १६ ते १८ पट दाबली जाते आणि इतकी तापते, की फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. म्हणजे एकदा चालू झालेल्या जुन्या डिझेल इंजिनाला तीनच गोष्टी लागतात : कॉम्प्रेशन, हवा आणि डिझेल.

कॉम्प्रेशन कमी असतं तर सकाळी थंड इंजिन चालू व्हायला त्रास झाला असता. आमचा ट्रॅक्टर सकाळी पहिल्या सेल्फला चालू होत होता. एअर क्लीनर चोक असता तर लोडवर काळा धूर आला असता. बंद पडताना धूर उलट कमी होत होता. म्हणजे डिझेलच पोचत नव्हतं.

डिझेलचा रस्ता असा : टाकी, कॉक, फीड पंप, फिल्टर, इंजेक्शन पंप आणि नोझल. तपासणी नेहमी स्वस्त आणि सोप्या टोकापासून करावी. फिल्टरच्या तळाचा प्लग सैल करून पाहिला, पाणी किंवा गाळ नव्हता. मग 'एअर' धरली आहे का ते पाहिलं. टाकी आणि फीड पंप यांच्यामधल्या जोडातून डिझेल बाहेर गळतंच असं नाही, हवा आत ओढली जाते. म्हणून फिल्टरवरचा ब्लीडिंग स्क्रू सैल करून हॅण्ड प्रायमर मारला. बुडबुडे आले नाहीत. (एक सूचना : इंजिन चालू असताना नोझलच्या पाइपांची गळती हाताने चाचपू नका. तिथे शेकडो बार दाब असतो, डिझेल कातडीत घुसतं.)

यादी संपत आली. तेव्हा जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते केलं, ड्रायव्हरकाकांना विचारलं.

"दादा, टाकी फुल्ल असली की लवकर रुसतो. अर्धी असली की दीड तास ओढतो," ते म्हणाले. सगळ्यांना वाटे, नवीन डिझेलच खराब.

"आणि बंद पडल्यावर तुम्ही काय करता?"

"काय करणार? झाकण उघडून डिझेल बघतो, तंबाखू मळतो, सेल्फ मारतो."

झाकण! धावत जाऊन पाहिलं. डिझेल कमी होईल तशी बाहेरची हवा आत यावी म्हणून झाकणाला बारीक भोक असतं. ते चिखलाने बुजलं होतं. वर आतलं गॅस्केट हरवलं म्हणून कुणीतरी ट्यूबचं रबर कापून घट्ट बसवलेलं!

वहीत हिशेब मांडला. भरलेल्या टाकीत हवा समजा ५ लिटर आणि डिझेल जळतं ताशी ४ लिटर. वीस मिनिटांत १.३ लिटर गेलं, म्हणजे ५ लिटर हवा ६.३ लिटर जागेत पसरली. बॉईलच्या नियमाने दाब ५/६.३, म्हणजे सुमारे ०.८ पट झाला. थकलेल्या फीड पंपाला एवढ्या ओढीविरुद्ध डिझेल खेचता येईना. टाकी अर्धी असेल तर हवा २५ लिटर. दाब तेवढाच उतरायला साडेसहा लिटर जळावं लागतं, त्याला लागतात दीड तासाहून थोडं जास्त. काकांचं म्हणणं तंतोतंत बरोबर! आणि झाकण उघडून 'बघणं' हीच रोजची दुरुस्ती होती.

तरी खात्री हवी. झाकण सैल ठेवून चालवलं, तासभर बंद पडला नाही. टाकी भरून पुन्हा घट्ट केलं, वीस-बावीस मिनिटांत आचके सुरू. झाकण सैल ठेवणं ही फक्त चाचणी, इलाज नव्हे, कारण धूळ आत जाते. म्हणून तारेने भोक मोकळं केलं, रबरालाही भोक पाडलं. वाफशातच पेरणी उरकली.

मामांनी सर्वांसमोर पाठ थोपटली तेव्हा मी कबूल केलं, की पंपाचं निदान निव्वळ अंदाज होता. मामा हसून म्हणाले, "डॉक्टरसुद्धा आधी नाडी बघतो रे!"

मित्रांनो, यादी आपल्या सगळ्यांनाच पाठ असते. पण मशीनबरोबर रोज राबणाऱ्या माणसाला आधी विचारा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. पाना त्यानंतर!